ग्रंथावरील नाव आणि ग्रंथातील सत्य
(नाशिक येथे वर्षावासातील प्रवचनमालेत झालेले भाषण)



आज बोलण्यासाठी घेतलेला विषय प्रथमदर्शनी आपल्या घरापासून फार लांबचा वाटेल. ख्रिस्ती धर्माचे अगदी आरंभीचे ग्रंथ कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि त्यांत जे सांगितले आहे त्यावर कितपत विसंबावे, हा तो विषय. परंतु नाशिककराला तो परका नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने येथे शरणपूरची वसाहत उभारली, आणि तेव्हापासून या शहरात ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात आपल्याच पूर्वाश्रमीच्या जातीतील अनेक घरांनी अस्पृश्यतेच्या जाचातून सुटण्यासाठी बाप्तिस्म्याची वाट धरली. एका आजोबांच्या नातवंडांपैकी एक घर बौद्ध आणि एक घर ख्रिस्ती, असे सोयरेसंबंध आपल्यात अपूर्व नाहीत. लग्नकार्यात, दुखवट्यात आपण एकत्र बसतो. आणि बसलो की कधी ना कधी धर्माची गोष्ट निघतेच.

ती निघाली म्हणजे दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. कोणी उत्साही तरुण म्हणतो, “तुमची शुभवर्तमाने बनावट आहेत, ज्यांच्या नावावर ती आहेत त्यांनी ती लिहिलीच नाहीत.” दुसरा कोणी वडीलधारा म्हणतो, “कोणाच्याही धर्मग्रंथाची चिकित्सा करणे पाप आहे, गप्प बसावे.” ही दोन्ही उत्तरे बौद्ध माणसाला शोभणारी नाहीत. पहिल्यात अर्धवट ज्ञानाचा गर्व आहे, दुसऱ्यात जुन्या भीतीचा अवशेष आहे. ज्या धम्माने ऐकीव गोष्ट तपासून पाहण्याचा हक्क प्रत्येकाला दिला, त्याच्या अनुयायांनी तपासणी करावी. पण ती न्यायाने करावी, आणि जे माप दुसऱ्याला लावले तेच स्वतःलाही लावावे. आजच्या भाषणाचा हेतू एवढाच आहे.

आरंभ आपल्या त्रिरश्मी डोंगरापासून करू. शहराच्या दक्षिणेस मुंबईच्या रस्त्यालगत जी चोवीस लेणी आहेत, त्यांना लोक शेकडो वर्षे ‘पांडवलेणी’ म्हणत आले. अज्ञातवासात पांडवांनी एका रात्रीत ती कोरली, असे येथील म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आपणांस सांगितले असेल. मात्र भिंतींवरचा ब्राह्मी लेख वाचला म्हणजे काय आढळते? सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी नासिक येथील श्रमणांच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या महामात्राने एक लेणे करविले. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचे दान धंभिक गावाने दिले. दत्तामित्री नगराचा रहिवासी असलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने एक लेणे कोरविले. पांडवांचे नाव त्यात कोठेही नाही. ते नाव मागाहून चिकटले. कोणी कट करून ते लावले नाही. अक्षर वाचता येईनासे झाले, कर्त्यांचे स्मरण पुसले गेले आणि लोकांनी रिकाम्या जागी आपल्याला ठाऊक असलेले एक मोठे नाव बसविले. ही प्रक्रिया नीट ध्यानात ठेवावी; पुढे तिचा उपयोग होणार आहे.

याच डोंगराने दुसराही धडा दिला आहे. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्षावासात या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत, म्हणून त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने कायम ठेविले. हिशेब करून पाहा. २००० वर महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण व्याज होते. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा, म्हणजेही २४०. लेख स्वतःशी जुळतो. दात्याचे नाव आहे, वर्ष आहे, रक्कम आहे, आणि गणित बरोबर येते. अशा लेखावर विश्वास ठेवण्यास कारण आहे.

आता तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख घ्या. पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला तो आहे. कोणी लिहविला व केव्हा, याविषयी शंका नाही. तरीही आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन करताना ती माता त्याला राम, केशव, अर्जुन व भीमसेन यांच्या तोडीचा ठरविते आणि त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायल्याचे सांगते. ही आईच्या प्रेमाची भाषा आहे. शब्दशः इतिहास नव्हे. मात्र त्याच लेखात त्याने क्षहरात वंशाचा उच्छेद केला असेही म्हटले आहे, आणि ते विधान निराळ्या पुराव्याने सिद्ध होते. १९०६ साली याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा ठोकलेला आहे. एकाच लेखात एक विधान अलंकाराचे, दुसरे इतिहासाचे. कर्ता निश्चित झाला म्हणून सारे खरे ठरत नाही. आणि कर्ता अज्ञात आहे म्हणून सारे खोटेही ठरत नाही. लेखक कोण, काळ कोणता आणि म्हणणे खरे किती, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत.

हे तीन प्रश्न घेऊन आता ख्रिस्ती ग्रंथांकडे वळू.

मराठी मुलखात या ग्रंथांवरून वाद होऊ लागल्याला दोनशे वर्षे होत आली. १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून विल्यम केरी यांचा नवा करार मराठीत निघाला. पुढे मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात १८३१ च्या सुमारास जाहीर वाद झाला व दोन्ही बाजूंनी पुस्तके छापली गेली. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद केला. ते वाद लोकांनी कुतूहलाने ऐकले. परंतु एकाच्या शास्त्रातील उणे दाखवून दुसऱ्याचे शास्त्र आपोआप खरे ठरावे, अशी त्यांत पुष्कळदा अपेक्षा असे. ज्याला दोन्हीकडच्या देवळाबाहेर उभे राहावे लागत होते, त्याला त्या वादातून फारसे काही मिळाले नाही. आपल्याला जिंकण्यासाठी नव्हे, जाणण्यासाठी हा विषय हवा आहे.

नव्या करारात एकंदर सत्तावीस पुस्तके आहेत व ती सर्व ग्रीक भाषेत लिहिलेली आहेत. येशूची भाषा अरामी होती. त्याने स्वतः एकही पुस्तक लिहून ठेवले नाही. पंतय पिलात हा यहूदीयाचा रोमन सुभेदार असताना, म्हणजे इ. स. २६ ते ३६ या दहा वर्षांच्या आत, त्याला वधस्तंभावर देण्यात आले. त्याच्या चरित्राची चार पुस्तके आहेत: मत्तय, मार्क, लूक व योहान या नावांची शुभवर्तमाने. बहुतेक अभ्यासक मार्कचे पुस्तक इ. स. ७० च्या सुमाराचे मानतात; मत्तय व लूक त्यानंतरच्या दहावीस वर्षांतले, आणि योहान पहिल्या शतकाच्या अखेरचे. म्हणजे गुरूच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस ते सत्तर वर्षांनी ही चरित्रे लेखनिविष्ट झाली.

या चारही पुस्तकांच्या मजकुरात “मी अमुक नावाचा मनुष्य हे लिहितो” असे कोठेही नाही. मत्तयाच्या पुस्तकात मत्तय नावाच्या जकातदाराची गोष्ट येते, परंतु ती दुसऱ्या कोणाची सांगावी तशी येते. लूकचा कर्ता तर प्रस्तावनेतच स्पष्ट करतो की, आपल्यापूर्वी पुष्कळांनी अशी वृत्ते लिहिली, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून ती परंपरेने आली, आणि आपण शोध करून ती क्रमवार मांडीत आहोत. तो स्वतः साक्षीदार असल्याचा दावा करीत नाही. हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. योहानाच्या शेवटी एका प्रिय शिष्याच्या साक्षीचा उल्लेख आहे, पण त्या शिष्याचे नाव दिलेले नाही.

मग ही चार नावे आली कोठून? दुसऱ्या शतकाच्या आरंभी पापियस नावाच्या धर्माध्यक्षाने लिहून ठेविले होते की, मार्क हा पेत्राचा दुभाषी होता व त्याने पेत्राच्या आठवणी लिहिल्या. आणि मत्तयाने प्रभूची वचने इब्री भाषेत संकलित केली. पापियसचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस याने घेतलेले उतारे तेवढे आहेत. चार पुस्तके व चार नावे एकत्र सांगणारा पहिला स्पष्ट लेखक म्हणजे इरेनियस, इ. स. १८० च्या सुमाराचा. आता अडचण अशी की, आपल्या हाती असलेले मत्तयाचे पुस्तक इब्रीचे भाषांतर वाटत नाही. ते ग्रीकमध्येच रचलेले आहे, आणि मार्कमधील सुमारे नऊ-दशांश मजकूर त्यात थोड्याफार फरकाने आलेला आहे. जो स्वतः बारा शिष्यांपैकी एक होता, त्याने जो शिष्य नव्हता अशा माणसाच्या पुस्तकावरून आपल्याच गुरूच्या आठवणी का उतरून घ्याव्यात? या प्रश्नामुळे बहुतेक अभ्यासक त्या पुस्तकाचा कर्ता मत्तय मानीत नाहीत. सर्वांचे एकमत मात्र नाही. इंग्रज अभ्यासक रिचर्ड बॉकहॅम यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, शुभवर्तमानांमागे प्रत्यक्षदर्शी लोकांच्या साक्षी आहेत असा पक्ष विस्ताराने मांडला आहे; अमेरिकन अभ्यासक बार्ट एर्मन हे विरुद्ध पक्षाचे आहेत. वाद चालू आहे, आणि तो पुराव्याने चालू आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

चार चरित्रांत मेळ किती आहे, हेही पाहावे. मत्तय म्हणतो, येशूचा जन्म हेरोद राजाच्या कारकिर्दीत झाला, हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये मरण पावला असे बहुतेक इतिहासकार मानतात. लूक तो जन्म क्विरीनियाच्या वेळच्या खानेसुमारीशी जोडतो, आणि यहूदीयातील ती खानेसुमारी इ. स. ६ मधली आहे. मध्ये सुमारे दहा वर्षांचे अंतर पडते. मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलल्याचा प्रसंग पहिल्या तिघांत अखेरीस, तर योहानात आरंभी येतो. उषवदाताच्या लेखातील हिशेब जुळला. येथील हिशेब प्रत्येक ठिकाणी जुळत नाही. म्हणून सारे काल्पनिक होते काय? नव्हे. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती नव्हता, उलट त्या लोकांचा तिरस्कार करणारा होता, त्याने इ. स. ११६ च्या सुमारास पिलाताच्या वेळी ख्रिस्ताला देहांत शासन झाल्याची नोंद केली आहे. यहुदी इतिहासकार योसेफस याच्या इ. स. ९३-९४ च्या ग्रंथातील येशूविषयीच्या एका उताऱ्यात ख्रिस्ती नकलकारांनी मागाहून भर घातली, असे अभ्यासक मानतात. परंतु याकोब हा येशूचा भाऊ होता, हा त्याचा दुसरा उल्लेख सामान्यतः अस्सल समजला जातो. येशू नावाचा गुरू झालाच नाही, असे म्हणणाऱ्यांना इतिहासाचा आधार फार थोडा आहे. जोगलटेंभीच्या नाण्यांप्रमाणे येथेही बाहेरचा पुरावा काही गोष्टींना दुजोरा देतो, सगळ्यांना नाही.

शुभवर्तमानांहून जुनी आहेत ती पौलाची पत्रे. त्याच्या नावाची तेरा पत्रे नव्या करारात आहेत. त्यांपैकी सात त्याचीच, याविषयी अभ्यासकांत जवळजवळ एकमत आहे: रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले आणि फिलेमोनास. यांतील सर्वांत जुने इ. स. ५० च्या सुमाराचे आहे. उरलेल्या सहांविषयी वाद आहे. विशेषतः तीमथ्यास दोन व तीतास एक, या तीन पत्रांची शब्दरचना निराळी आहे, आणि त्यांत मंडळीतील अधिकारपदांची जी घडी दिसते ती पौलाच्या काळाहून पुढची वाटते; म्हणून बहुतेक जण ती पौलानंतरच्या कोणी त्याच्या नावाने लिहिली असे मानतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रावर तर लेखकाचे नावच नाही. त्याचा खरा लेखक देवालाच ठाऊक, अशा अर्थाचे मत तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानेच दिले होते. पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात पौलाच्या पत्रांचा उल्लेख शास्त्राच्या जोडीने येतो, यावरून ते पुष्कळ उशिराचे दिसते. युसेबियसने ते विवादग्रस्त पुस्तकांतच घातले होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. ही चिकित्सा ख्रिस्ती धर्माच्या शत्रूंनी नव्याने काढलेली नाही. अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष डायोनिसियस याने तिसऱ्या शतकात भाषाशैली तपासून सांगितले की, प्रकटीकरण व योहानाचे शुभवर्तमान यांचा लेखक एक नसावा. इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियनने एका वडिलांची हकिकत दिली आहे: पौलाविषयीच्या प्रेमापोटी आपण त्याच्या नावाची कथा रचली, अशी त्यांनी कबुली दिली आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. म्हणजे त्या काळीही परक्याच्या नावावर लिहिणे चर्चला संमत नव्हते. पुढे १८३५ साली जर्मनीत डेव्हिड स्ट्राउस यांनी येशूचे चिकित्सक चरित्र लिहिले व त्यापायी त्यांना अध्यापकाच्या जागेला मुकावे लागले. आफ्रिकेतील नाताळचे बिशप कोलेन्सो बायबलचे झुलू भाषांतर करीत असताना त्यांच्या झुलू सहकाऱ्याने जलप्रलयाच्या कथेविषयी साधा प्रश्न विचारला की, हे सारे खरेच घडले काय? त्या प्रश्नाला खरे उत्तर देणे आपले कर्तव्य आहे असे त्या बिशपांना वाटले, आणि १८६२ पासून त्यांनी जुन्या कराराच्या पहिल्या पुस्तकांची परखड तपासणी प्रसिद्ध केली. ज्याला ‘रानटी’ म्हणत होते त्याच्या प्रश्नाने एका धर्मगुरूला विचार करावयास लावले, हे आपण विसरू नये. प्रश्न विचारण्यासाठी पदवी लागत नाही.

हस्तलिखितांचीही कथा अशीच आहे. मार्कच्या शेवटच्या अध्यायातील अखेरची बारा वचने चौथ्या शतकातील दोन सर्वांत महत्त्वाच्या पोथ्यांत नाहीत. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीला दगडमार करू पाहणाऱ्यांना येशू निरुत्तर करतो, तो सुंदर प्रसंग योहानाच्या जुन्यात जुन्या प्रतींत आढळत नाही. योहानाच्या पुस्तकाचा एक पपायरसचा तुकडा मँचेस्टरच्या ग्रंथालयात आहे. तो १९३५ साली, म्हणजे बाबासाहेबांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. तो सामान्यतः दुसऱ्या शतकातला मानतात. तळहाताएवढाही नसलेल्या त्या तुकड्यावर पिलातापुढील चौकशीच्या काही ओळी आहेत. त्यावरून ते पुस्तक केव्हापासून वाचले जात होते याचा अंदाज बांधता येतो. ते कोणी लिहिले, हे त्या तुकड्यावरून कळत नाही.

तुम्ही विचाराल, कोणते पत्र कोणी लिहिले याने आमच्यासारख्या कष्टकऱ्यांचे काय अडते? बंधुभगिनींनो, येथेच खरी मेख आहे. गुलामांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, ही शिकवण नव्या करारात कोठे येते ते पाहा: इफिसकरांस, कलस्सैकरांस, तीमथ्यास पहिले, तीतास, आणि पेत्राच्या नावाचे पहिले पत्र. ही सारी पत्रे लेखकाविषयी वाद असलेल्या वर्गातली आहेत. स्त्रीने निमूटपणे शिकावे, पुरुषावर अधिकार चालवू नये, हे तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे. उलट दास व स्वतंत्र, स्त्री व पुरुष असा भेद ख्रिस्तात उरत नाही, असे सांगणारे गलतीकरांस पत्र निःसंशय पौलाचे. आणि ज्या रोमकरांस पत्रात तो फिबी, युनिया अशा स्त्रियांचा गौरवाने उल्लेख करतो, तेही त्याचेच. सारे इतके सरळ आहे असे मात्र नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, जो ज्या अवस्थेत आहे त्याने तीत राहावे, असा उपदेश येतो आणि तेही पत्र त्याचेच आहे. तरीसुद्धा अमेरिकेतील गुलामांच्या मालकांनी ज्या वचनांचा आधार शतकभर घेतला, त्यांतील पुष्कळ वचने एका मोठ्या नावाच्या पुण्याईवर चालली, हे खरे. नाव पौलाचे, लेखणी दुसऱ्याची आणि ओझे गुलामाच्या पाठीवर.

हे आपणांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. मनु या पुरातन नावाखाली जो कायदा आपल्या पूर्वजांच्या माथी मारला गेला, तो सुमति भार्गव नावाच्या ब्राह्मणाने रचला व मनु हे धारण केलेले नाव होते, असे बाबासाहेबांनी आपल्या संशोधनात प्रतिपादिले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते ग्रंथकर्त्याचे नाव संशयित होते म्हणून नव्हे. त्या ग्रंथाने माणसाचे माणूसपण हिरावले म्हणून. जुलूम करणारे वचन अस्सल लेखकाचे असले तरी त्याज्यच. म्हणून लेखक कोण हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा प्रश्न नव्हे.

आता माप आपल्याकडे वळवू. येथे मन घट्ट करावे लागेल. तथागतांनीही स्वहस्ते काही लिहून ठेविले नाही. महापरिनिब्बाणानंतर राजगृहाच्या संगीतीत आनंद व उपाली यांनी धम्म व विनय म्हणून दाखविला, अशी परंपरा आहे. परंतु पाली तिपिटक लेखनिविष्ट झाले ते श्रीलंकेत, वट्टगामणी राजाच्या काळी, इ. स. पूर्व पहिल्या शतकात. येशू व शुभवर्तमाने यांत चाळीस ते सत्तर वर्षांचे अंतर आहे. तथागत व लिखित तिपिटक यांत काही शतकांचे आहे. अश्वघोषाचे बुद्धचरित त्याहूनही पुढचे. ज्या ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथातील राजाच्या नावाने बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले, त्या ग्रंथाचा कर्ता कोण हे कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा केवळ वर्षे मोजून दुसऱ्याचा ग्रंथ टाकाऊ ठरविणारा आपला तरुण स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेत असतो. उत्खननाने व शिलालेखाने आपल्यालाही दुजोरा दिला आहे: लुंबिनीला अशोकाचा स्तंभ आहे, आणि त्याच्या बैराटच्या लेखात धम्मातील सात प्रवचनांची नावे आहेत. पण बाह्य पुरावा तिकडे जसा थोड्याच गोष्टींना पुरतो, तसा इकडेही.

ही अडचण बाबासाहेबांनी झाकली नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी विचारले की, वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला ही कथा बुद्धीला पटते काय, आणि चार आर्यसत्ये मूळची की मागाहून आलेली? पुढे त्यांनी दाखविले की, उपदेश पाठ करून ठेवणारे भाणक चुकणे संभवनीय होते, आणि तथागतांच्या हयातीतच त्यांच्या वचनांचा विपर्यास झाल्याचे पाच प्रसंग खुद्द सुत्तांत नमूद आहेत. म्हणून बुद्धवचन ओळखण्याच्या कसोट्या त्यांनी सांगितल्या: जे बुद्धीला व तर्काला धरून आहे, जे माणसाच्या कल्याणाशी निगडित आहे, तेच बुद्धवचन म्हणून स्वीकारावे. ही कसोटी परंपरेतही आहे. कोणी भिक्खू “हे मी भगवंतांच्या मुखातून ऐकले” असे म्हणाला, तरी त्याचे ताबडतोब अभिनंदन करू नये, धिक्कारही करू नये; सुत्त व विनय यांशी ताडून पाहावे, असे महापरिनिब्बाण सुत्तात आले आहे. कालामांना केलेला उपदेश तर तुम्ही सर्व जाणताच.

येथे दोन धर्मांतील एक भेद निर्विकारपणे नमूद केला पाहिजे. पौलाने स्वतः म्हटले आहे की, ख्रिस्त मेलेल्यांतून उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ ठरेल. म्हणजे एका विशिष्ट घटनेच्या साक्षीवर त्या श्रद्धेचा भार आहे. म्हणून साक्षीदार कोण व कसा, हा प्रश्न तेथे मूळावर जातो. धम्माचा भार अशा घटनेवर नाही. प्राणिहिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांनी घर बुडते की नाही, हे पाहण्यासाठी कोणत्या पोथीचा काळ ठरवावा लागत नाही. आपली वस्ती पुरेशी साक्षी आहे. तथापि त्याच न्यायाने येशूच्या नीतिशिकवणीलाही तिचा हक्क दिला पाहिजे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना एका सहप्रवाशाने आगगाडीत नवा करार दिला. त्यांतील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन ओढून घेतले, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते प्रवचन ज्या पुस्तकात आहे त्याचा कर्ता अज्ञात आहे. म्हणून शत्रूवरही प्रेम करावे या उपदेशाची किंमत कमी होत नाही. आणि पंडिता रमाबाईंनी इतरांच्या भाषांतरावर न विसंबता, इब्री व ग्रीक शिकून, केडगाव येथे संपूर्ण बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर १९२४ साली ते छापून निघाले. मुळाशी जाऊन वाचण्याची ही जिद्द आपल्या मुलामुलींनी पालीच्या बाबतीत उचलावी.

तेव्हा सोयऱ्याच्या ओसरीवर गोष्ट निघाली तर काय बोलावे? त्याच्या ग्रंथाला बनावट म्हणू नये. कारण अज्ञात लेखकाचा ग्रंथ म्हणजे बनावट ग्रंथ नव्हे, जसे पांडवांनी न कोरलेले लेणे खोटे लेणे होत नाही. तो “आमचा ग्रंथ देवाने दिला, म्हणून तपासू नये” असे म्हणाला, तर आपण सौम्यपणे सांगावे की, तपासण्याची वाट त्याच्याच डायोनिसियसने व ओरिजेनने घालून दिली आहे. आणि त्याने आपल्या ग्रंथाविषयी विचारले, तर जे ठाऊक आहे ते तितकेच मोकळेपणाने सांगावे. ज्याला आपल्या ग्रंथाविषयीचे सत्य लपवावे लागते, त्याची श्रद्धा अजून भीतीच्या घरातच राहत असते; आपण ते घर सोडून आलो आहोत.

महात्मा फुले यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एका कुटुंबाचे चित्र आहे. आईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून तो धर्म स्वीकारावा, बापाने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे, मुलाने सत्यधर्म पत्करावा, आणि तरी सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता एका घरात प्रेमाने राहावे. ध्यानात घ्या, त्या घरातील प्रत्येकाने आधी पुस्तक वाचलेले आहे. वाचून निवडणे आणि निवडूनही शेजाऱ्याशी प्रेमाने राहणे, एवढे आपल्या घरांत साधले, तर या वर्षावासात आपण काही कमावले असे म्हणता येईल.



नमो बुद्धाय. जय भीम.